‘माणसाला अग्रक्रम’ : कोणत्या माणसाला?

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात सतरा संगणकतज्ज्ञ जमले आणि त्यांनी ‘अ‍ॅजाइल’ कार्यपद्धतीचा जाहीरनामा काढला. जाहीरनामा हे आपल्या चळवळीला परिचित असे वाङ्मयरूप. म्हणून त्याची भाषाही तपासली पाहिजे. प्रक्रियेपेक्षा माणसे व त्यांचा संवाद मोलाचा, सविस्तर कागदपत्रांपेक्षा चालते सॉफ्टवेअर मोलाचे, असे तो सांगतो. मुकादमशाहीविरुद्धची त्याची चीड खोटी नाही. परंतु त्यातील ‘माणूस’ जात नसलेला आणि घरचीच भाषा कचेरीत बोलणारा आहे.

खानदेशाला हा विषय परका नाही. विप्रो कंपनी १९४५ मध्ये अमळनेरला वनस्पती तुपासाठी जन्मली; सॉफ्टवेअरचा पसारा मात्र तिने बंगळूरला मांडला. जळगावला १९९० मध्ये विद्यापीठ आले, धुळे-शिरपूरकडे अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली, आणि घरात अहिराणी व शाळेत मराठी बोललेली आपली पोरे हिंजवडीला गेली.

तेथे रोज पंधरा मिनिटांची उभी बैठक असते. काल काय केले, आज काय करणार, अडचण कोणती, हे प्रत्येकाने सर्वांदेखत सांगायचे. ज्याच्याकडे ‘कोट्यातला’ म्हणूनच पाहिले जाते (खाजगी कंपनीत आरक्षण नाही, तरीही!), त्याने अडचण सांगितली की ती त्याच्या जातीची लायकी ठरते. मग तो गप्प बसतो आणि अडचण उघडी करण्यासाठी काढलेली बैठकच पोकळ होते. लिखित कागद हा अशा माणसाचा आधार होता. तो रात्री खोलीवर शब्द लावीत वाचता येई. बोलण्याला अग्रक्रम दिला की तो सफाईदार इंग्रजीला मिळतो.

मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते, कारण तेथे धाग्याला तोंड लावावे लागे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला. यंत्र नवे होते, भोवतीची माणसे जुनी. २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याने सिस्को कंपनीवर जातिभेदाच्या आरोपाचा दावा लावला, तोही संगणकाच्याच धंद्यात.

जाहीरनाम्याचे शेवटचे तत्त्व सांगते की संघाने ठरावीक काळाने स्वतःच्या वागणुकीचा आढावा घ्यावा. त्या आढाव्यात आडनावाची चौकशी आणि जेवणाच्या वेळी वेगळी होणारी बाके हे विषय घ्यायला त्याची कोणतीच आडकाठी नाही.