‘मराठी’चं स्पेलिंग ई-जे-के-बी-एच

‘कृतिदेव’ फाँटमध्ये ‘मराठी’ हा शब्द टाइप केला की स्क्रीनवर मराठीच दिसतं. पण फाइलच्या पोटात असतात पाच रोमन अक्षरं: ई, जे, के, बी, एच. फाँटने त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. डोळस वाचकाला तो पुरतो. अंध विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर मात्र मुखवटा बघत नाही, कोड वाचतो. त्याच्या कानावर पडते ती अर्थहीन बडबड.

देवनागरी युनिकोडमध्ये १९९१पासून आहे. तरीही अशा जुन्या फाँटमधल्या फाइली अजून फिरतात. स्कॅन केलेल्या पीडीएफ त्याहून वाईट. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला मिळालेल्या बहुतेक नोट्स अशाच होत्या: झेरॉक्सच्या झेरॉक्सचे फोटो. सर्किटची आकृती चित्र, समीकरण चित्र, मजकूरही चित्रच. स्क्रीन रीडरच्या लेखी ते कोरं पान.

म्हणून ‘दिव्यांगांसाठी तंत्रज्ञान’ या शब्दांचा आपण लावलेला अर्थ मला खटकतो. तो अर्थ म्हणजे वस्तू. एक खोली, चार कॉम्प्युटर, दारावर पाटी, फीत कापतानाचा फोटो. पण अडचण फक्त यंत्राची असती, तर ती बरीचशी सुटली असती. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर २००६मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध प्रोग्रॅमरने सुरू केला. जेम्स टे हा दुसरा अंध प्रोग्रॅमर त्याला येऊन मिळाला. तो फुकट आहे, मराठीही बोलतो. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतोच. वाचणारा तयार आहे, त्याला वाचण्याजोगं पान मिळत नाही.

आता कायदा वाचू. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा, कलम १७. किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना पुस्तकं, शिक्षणसाहित्य आणि योग्य ती साधनं मोफत द्यावीत, असं तो सरकारला सांगतो. पण वयाच्या अठरा वर्षांपर्यंत. पुढे ‘योग्य प्रकरणी’ शिष्यवृत्ती. याच कायद्याचं कलम ३२ सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखून ठेवतं, प्रवेशाच्या वयोमर्यादेत पाच वर्षांची सवलतही देतं. म्हणजे उशिरा आलात तरी जागा आहे, पण मोफत साधनाची हमी बारावीच्या आसपासच संपलेली. नेमकं तिथून पुढे पुस्तकं जाड होतात, आकृत्या वाढतात आणि शिकवणं मराठी-इंग्रजीच्या मिश्रणात होतं. बाक दिला आणि फळा काढून घेतला, असा हा प्रकार.

कॉपीराइटची सबबही चालत नाही. २०१२च्या दुरुस्तीनंतर दिव्यांगांना वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तक रूपांतरित करायला कायद्याची मुभा आहे. ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६पासून सुरू आहे. पण मॅडमनी रविवारी रात्री व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेल्या नोट्स तिथे सापडणार नाहीत, आणि परीक्षा त्यांच्यावरच असते.

कोणी म्हणेल, आता एआय आहे, फोटोतली अक्षरं तेच ओळखेल. ओळखतं, बरंचसं. पण पुसट झेरॉक्समधलं जोडाक्षर चुकतं, तक्त्यातले रकाने एकमेकांत मिसळतात. चूक झाली हे न पाहता कळणार कसं? ती तपासणारं माणूस लागतंच, आणि ते काम आज बहुधा त्या विद्यार्थ्याच्या मित्रांवर सोडलेलं असतं. मित्र गावी गेला की अभ्यास थांबला.

त्यामुळे खर्चाचा क्रम बदलायला हवा. आधी प्रत्येक कॉलेजात या कामासाठी पगारी, जबाबदार व्यक्ती. नोट्स युनिकोडमध्ये, शीर्षकं शीर्षक म्हणून मांडलेली, आकृतीखाली दोन वाक्यांचं वर्णन, आणि हे सगळं वर्गातल्या इतरांना मिळेल त्याच दिवशी. व्हिडिओ लेक्चरला सबटायटल्स, कारण कायद्यात नोंदलेली दिव्यांगत्वं एकवीस आहेत. सत्र संपल्यावर पोहोचलेली सुलभ प्रत फक्त अहवालाच्या कामाची.

एक चाचणी तुम्हीही करू शकता. फोनमधली कुठलीही कॉलेजची पीडीएफ उघडा. एक ओळ निवडून स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप करा. ओळ निवडताच आली नाही, तर तुमच्या वर्गातल्या एखाद्याच्या हाती कोरा कागद आहे. आणि निवडता आली, पण पोहोचली ती रोमन अक्षरांची खिचडी, तर तो रोज तेच ऐकतो आहे.