‘लाइफ’ आणि ‘संजीवनी’ : व्हिडिओ गेमच्या परिभाषेतील मरण

व्हिडिओ गेमची परिभाषा मराठीत जशीच्या तशी उसनी आली, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. १९९० च्या दशकात अंधेरी-घाटकोपरच्या व्हिडिओ गेम पार्लरांतून ऐकू येणारी मुलांची भाषा हे गृहीतक तपासायला लावते. ‘माझी एक लाइफ गेली’ यातील नाम आयात आहे. ‘मी मेलो’ हे क्रियापद मात्र हुतुतूच्या मैदानातले आहे. तेथे गडी पूर्वापार मरत आणि पुन्हा उठत आला आहे.

या दोन मरणांचे मूळ भिन्न आहे. पिनबॉलच्या यंत्रात एका नाण्यात मोजके चेंडू मिळत. ‘स्पेस इन्व्हेडर्स’सारख्या (१९७८) खेळांत मोजक्या ‘लाइफ’ मिळू लागल्या. जीव हे येथे विकत घेतलेल्या संधीचे परिमाण आहे. उलट, संजीवनी कबड्डीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला मेलेला गडी उठतो. गामिनीत सारा संघ बाद होईपर्यंत तो बाहेरच राहतो. अमरमध्ये तो मैदान सोडत नाही, केवळ गुण मोजला जातो. तिन्ही प्रकारांत मरणाचा हिशेब संघाशी आहे.

सोस्यूरच्या मते चिन्हाचे मूल्य व्यवस्थेतील इतर चिन्हांशी असलेल्या संबंधांतून ठरते. पार्लरमध्ये ‘मरणे’ तेच राहिले; परंतु त्याच्या जोडीला ‘उठणे’ न राहता ‘टोकन’ आले. अर्थांतर घडले ते येथे. म्हणूनच उसन्या शब्दांची यादी पुरेशी नाही. न बदललेल्या देशी शब्दाचा अर्थ कोणत्या शेजारामुळे बदलला, हेही नोंदवावे लागेल.