शोधनिबंधाचा साचा आणि मेडावर यांचा आक्षेप

शोधनिबंध कसा लिहावा याविषयी विद्यार्थ्यांस जे मार्गदर्शन केले जाते ते बहुधा समास, तक्ते, आकृत्या आणि संदर्भ देण्याची रीत यांच्यापाशी थांबते. प्रस्तावना, पद्धती, निष्पत्ती व चर्चा हे चार विभाग याच क्रमाने का यावेत, असे सहसा कोणी विचारीत नाही. साचा तयार असतो. मजकूर तेवढा त्यात ओतावयाचा असतो. हा प्रश्न तिखटपणे विचारला तो पीटर मेडावर यांनी. १९६३ साली बी. बी. सी. वरून केलेल्या आणि त्याच वर्षी ‘द लिसनर’ या साप्ताहिकात छापल्या गेलेल्या भाषणाला त्यांनी मथळाच असा दिला की, वैज्ञानिक शोधनिबंध ही फसवणूक आहे काय? आक्षेपक विज्ञानाबाहेरचा नव्हता. प्रतिकारक्षमतेसंबंधीच्या संशोधनाबद्दल १९६० साली त्यांना बर्नेट यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले होते.

मेडावर यांचे म्हणणे नीट समजून घेतले पाहिजे, कारण मथळ्यामुळे त्याचा विपर्यास होण्याचा संभव आहे. निबंधांतील माहिती खोटी असते असे ते म्हणत नाहीत. ज्या विचारप्रक्रियेतून शोध लागला तिचे चुकीचे चित्र निबंधाची मांडणी उभे करते, एवढाच त्यांचा आरोप आहे. साच्यातला शास्त्रज्ञ कोऱ्या मनाने प्रयोगशाळेत शिरतो, निरीक्षणे गोळा करतो, निष्पत्तीच्या विभागात त्यांच्या अर्थाविषयी चकार शब्द काढीत नाही. आणि ‘चर्चा’ आली म्हणजे जणू प्रथमच स्वतःस विचारतो की, या साऱ्यातून काही निघते काय? वस्तुतः अभ्युपगम, म्हणजे तपासून पाहावयाची कल्पना, मनात आधी असतो, आणि कोणते निरीक्षण करावयाचे हे तोच ठरवितो. या ढोंगाचे मूळ मेडावर यांना जॉन स्टुअर्ट मिल यांच्या विगमनवादात दिसते. उपायही ते सांगतात : चर्चा आरंभी यावी, प्रयोग व निष्पत्ती मागून.

निदान मार्मिक आहे. कारणमीमांसा मात्र पटण्यासारखी नाही. हा साचा मिल यांच्या तर्कशास्त्रातून उतरला असता तर एकोणिसाव्या शतकातच तो रूढ झालेला दिसावयास हवा होता. चार प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांच्या १९३५ ते १९८५ या काळातील अंकांची पाहणी सोलाची व परेरा यांनी २००४ साली प्रसिद्ध केली. तीवरून असे दिसते की, तेथे हा साचा १९४० नंतरच्या दशकात शिरला, १९७० नंतरच्या दशकात सुमारे ऐंशी टक्के निबंधांत आढळू लागला, आणि त्यापुढील दशकात मूळ संशोधनाच्या निबंधांचा तोच एकमेव साचा उरला. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने त्याला मानकाचे रूप दिले ते १९७२ साली. म्हणजे मेडावर बोलत होते तेव्हा साचा अजून पसरत होता. त्याच्या पाठीमागे तत्त्वज्ञानापेक्षा संपादकांची सोय व वाचकांची घाई अधिक असावी. निबंध आरंभापासून अखेरपर्यंत वाचणारे थोडे. कोणाला केवळ पद्धती हवी असते, कोणाला एखादा तक्ता. आणि ती वस्तू कोठे सापडेल हे ठाऊक असणे हा मोठाच लाभ आहे. कपाटाचे खण म्हणजे घराचा इतिहास नव्हे, हे ध्यानात घेतले म्हणजे आरोपाची धार काहीशी बोथट होते.

मग साचा टाकून शोधाची हकीकतच सांगावी काय? तेही पूर्वी होऊन गेले आहे. १६६५ साली ओल्डेनबर्ग यांनी लंडनमध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू केले तेव्हा त्यातील पुष्कळसा मजकूर पत्ररूपाने येई. न्यूटन यांचा प्रकाश व रंग यांविषयीचा १६७२ सालचा लेख हे असेच एक पत्र आहे. १६६६ च्या आरंभी लोलक मिळविला, वर्णपटाचा आकार लांबट पाहून नवल वाटले, मग एकेक शंका दूर करीत निर्णायक प्रयोगाशी आलो, अशी ती ओघवती कथा आहे. तथापि विज्ञानाच्या इतिहासकारांनी न्यूटन यांच्या टिपणवह्यांशी ती ताडून पाहिली असता, घडलेला क्रम इतका सरळ नव्हता असे दिसून आले. कथाही रचलेलीच होती. फरक इतकाच की, साच्याचा कृत्रिमपणा उघड दिसतो, कथेचा दिसत नाही.

मेडावर यांच्या उपायाची खरी कसोटी मात्र त्यांच्या भाषणापूर्वी दहा वर्षे होऊन गेली होती. २५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’मध्ये वॉटसन व क्रिक यांचा डी. एन. ए. च्या रचनेवरील निबंध आला. तो जेमतेम एका पानाहून थोडा अधिक आहे. चार विभाग त्यात नाहीत. अभ्युपगम पहिल्याच वाक्यात येतो, पाठोपाठ प्रतिस्पर्धी रचनांचे खंडन येते. मेडावर यांना हवा असलेला क्रम तो हाच. पण या मांडणीने काय झाकले? रोझॅलिंड फ्रँकलिन यांच्या मार्गदर्शनाखाली गॉसलिंग यांनी मे १९५२ मध्ये घेतलेले क्ष-किरण छायाचित्र विल्किन्स यांनी जानेवारी १९५३ मध्ये वॉटसन यांना दाखविले होते. फ्रँकलिन यांची मोजमापे असलेला एक अहवालही पेरुट्झ यांच्याकडून क्रिक यांच्या हाती आला होता. निबंधात याविषयी आहे ते आभाराच्या एका मोघम वाक्यात. त्याच अंकात, एकाच सामाईक मथळ्याखाली, आणखी दोन निबंध आले : दुसरा विल्किन्स व त्यांच्या सहकाऱ्यांचा, तिसरा फ्रँकलिन व गॉसलिंग यांचा. कल्पना आधी आणि पुरावा मागून, हा क्रम येथे तीन निबंधांच्या मांडणीलाच लागू झाला. परिणामी फ्रँकलिन यांचे काम रचनेच्या उगमाशी न दिसता, तिला मागाहून मिळालेल्या दुजोऱ्यासारखे दिसू लागले. १९५८ साली त्या वारल्या. छायाचित्राची हकीकत वॉटसन यांनी १९६८ च्या आपल्या पुस्तकात खुलेपणाने सांगितली. पण ती आठवणींच्या पुस्तकात, निबंधात नव्हे.

तेव्हा दोष विभागांच्या क्रमात नाही. कोणती गोष्ट केव्हा कळली आणि कोणाकडून कळली, हे निबंधातून पुसले जाते, हा खरा दोष. आणि चर्चा आधी घेतल्याने तो जात नाही. उलट वाढूही शकतो. निष्पत्ती हाती आल्यावर सुचलेला अभ्युपगम प्रस्तावनेत आधीपासून असल्यासारखा मांडावयाचा, या प्रघातावर मानसशास्त्रज्ञ नॉर्बर्ट कर यांनी १९९८ साली विस्ताराने टीका केली. मेडावर यांच्या शास्त्रज्ञाला आपली कल्पना लपवावी लागे. कर यांचा शास्त्रज्ञ नसलेली पूर्वकल्पना मिरवितो. या दुसऱ्या रोगावर ‘कॉर्टेक्स’ या नियतकालिकाने २०१३ साली जो उपाय योजला तो अधिक मुळाशी जाणारा आहे. त्यात प्रस्तावना व पद्धती यांचे परीक्षण प्रयोगाआधीच होते, निष्पत्ती काहीही आली तरी निबंध छापण्याची तत्त्वतः हमी मिळते, आणि मागाहून सुचलेले विश्लेषण निराळ्या विभागात, तसे सांगून द्यावे लागते. येथे विभागांचा जुना क्रम बदललेला नाही. त्यांना काळाचे बंधन तेवढे पडले आहे. अनपेक्षितपणे सापडलेल्या जीवाश्माला वा गणिती उपपत्तीला हा उपाय लागू पडणार नाही, हे उघड आहे.

मराठीत लिहिणाऱ्यांच्या वाटेत आणखी एक अडचण आहे. ‘असे आढळून आले’, ‘असे दिसून येते’ या वाक्यप्रयोगांत, कोणाला आढळले आणि केव्हा, हे सांगण्याची गरजच उरत नाही. इंग्रजीतील कर्मणी रचनेवर पुष्कळ टीका झाली आहे; पण तेथे निदान कर्ता जोडण्याची जागा मोकळी असते. ‘आढळून आले’ मध्ये वस्तूच जणू चालत समोर येते. विगमनवाद्याला याहून सोयीचे क्रियापद मिळाले नसते. प्रबंधातील गृहीतकांचे प्रकरण सर्वांत शेवटी लिहून ग्रंथात दुसऱ्या क्रमांकावर बसविले जाते तेव्हा व्याकरण आणि साचा दोन्ही त्या कामी साह्य करतात, आणि परीक्षकाला त्याचा पत्ता लागण्याचे साधन प्रबंधात कोठेच नसते. टिपणवहीच्या तारखा परिशिष्टात देण्याचा नियम केला तर ते साधन त्याच्या हाती येईल.