विल्सनचं नोबेल व्याख्यान: ढगातून अणूकडे

क्लाउड चेंबर आपण एका ओळीत पाठ करतो: भारित कण गेला, थेंब जमले, मार्ग दिसला. पण सी. टी. आर. विल्सन अणू शोधायला निघालाच नव्हता. १८९४ मध्ये स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिस शिखरावर त्याने ढगांवरची रंगीत वलयं पाहिली आणि ती प्रयोगशाळेत करून बघायला घेतली. त्याचं १९२७ चं नोबेल व्याख्यान म्हणूनच वाचा.

त्यातला सगळ्यात भारी भाग फोटोंचा नाही, तर्काचा आहे. धूळ काढलेली दमट हवा एकदम प्रसरण पावू दिली, तर घनफळ १.२५ पट झाल्यावर थोडे थेंब दिसतात. मग क्ष-किरण सोडले. थेंब प्रचंड वाढले, पण १.२५ ही मर्यादा हलली नाही. म्हणजे केंद्रकं त्याच जातीची, फक्त जास्त: आयन! कण दिसण्याआधीच तो पकडला गेला. मार्गांचे फोटो १९११ चे.

एक गोष्ट मात्र खटकते. सगळा भर आयनांवर असल्यामुळे बाहेरचे ढगही असेच बनतात, असा समज सहज होतो. १.२५ पट म्हणजे संपृक्ततेच्या सुमारे चौपट बाष्प. खऱ्या ढगात ते संपृक्ततेपेक्षा साधारण एखादा टक्काच जास्त असतं, कारण तिथे धूळ आणि समुद्री मीठ आधीच हजर असतं. विल्सनने जे मुद्दाम काढून टाकलं, त्यावरच आपला पाऊस उभा आहे.

प्रयोगात काय ठेवलं यासोबत काय काढलं, हेही वाचायची सवय लावा.