‘बुधन’ नाटक आणि ‘सुधारलेले’ नट

मंडळी, कलेनं समाजाच्या जखमा भरून निघतात, असं वाक्य हल्ली फार ऐकू येतं. आज आम्हाला हे वाक्य एका नाटकाशेजारी ठेवून बघायचंय. नाटकाचं नाव ‘बुधन’, आणि ते करणारी मंडळी अहमदाबादजवळच्या छारानगरची.

छारा म्हणजे आपल्याकडच्या कंजारभाटांचेच भाऊबंद. १८७१ पासून इंग्रजांनी ज्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या, त्यात हेही आले. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. पोलिसांच्या डोक्यातून मात्र गेला नाही.

आता नाटकाची मूळ घटना बघा. पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात बुधन सबर नावाचा खेडिया सबर जमातीचा तरुण फेब्रुवारी १९९८ मध्ये कोठडीत मेला. पोलीस म्हणाले, आत्महत्या. गावकऱ्यांनी काय करावं? त्यांनी प्रेत झोपडीतच पुरून ठेवलं आणि लोकांसमोर जाळला तो गवताचा पुतळा. पुरावा वाचला, पुन्हा शवविच्छेदन झालं, महाश्वेता देवी ज्या संघटनेशी जोडलेल्या होत्या तिनं खटला लढवला आणि कलकत्ता उच्च न्यायालयानं नुकसानभरपाईचा आदेश दिला. म्हणजे या प्रकरणातला पहिला ‘प्रयोग’ सबरांनीच लावला होता, आणि त्याचे प्रेक्षक होते पोलीस! नाटकाबद्दल बोलताना हा भाग ओझरता सांगून पुढे जातात. आम्हाला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तिथं कोणी मन हलकं करायला पुतळा जाळत नव्हतं.

त्याच वर्षी महाश्वेता देवी आणि गणेश देवी छारानगरला गेले. तिथल्या पोरांना वाचनालय हवं होतं, ते सुरू झालं. बुधनच्या खटल्याची कागदपत्रं या पोरांनी वाचली आणि दक्षिण बजरंगे वगैरे मंडळींनी नाटक उभं केलं. ३१ ऑगस्ट १९९८ ला पहिला प्रयोग झाला. नेपथ्य असं काही नाहीच, जे करायचं ते अंगानं. यात एक गोष्ट बघण्यासारखी आहे. लाठी मारणारा पोलीसही छाराच असतो. मार कसा बसतो हे ज्यांनी घरात पाहिलंय, ते मारणाऱ्याची ऐट, त्याचा कंटाळा, त्याची शिवी बरोब्बर पकडतात. एरवी पोलीस त्यांच्याकडे बघून नोंदी करतो. इथं त्यानंच नोंदवून घ्यायचं.

मग या नाटकाचं कौतुक कसं होतं? ‘चोऱ्या सोडून पोरं नट झाली.’ कौतुक करणारे भले लोक असतात, पण हे वाक्य त्या जुन्या कायद्याचंच आहे हो! माणूस आधी गुन्हेगार होता, हे त्यात धरूनच चाललंय. नाटक सांगतंय की गुन्हा वर्दीतल्या माणसानं केला, आणि टाळ्या वाजतात नटाच्या सुधारणेसाठी. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या पुस्तकाचंही आपण बऱ्याचदा असंच केलं: लेखकाच्या जिद्दीचं कौतुक, आणि पोलीस ठाण्याबद्दल अवाक्षर नाही.

नाटकात कच्चं काही नाही असं नाही. शेवटी नट प्रेक्षकांनाच विचारतात, आम्ही दुय्यम नागरिक आहोत का? शहरी सभागृहात याचं उत्तर सगळ्यांना आधीच पाठ असतं. सगळे ‘नाही’ म्हणतात आणि चहाला जातात. त्या प्रश्नापेक्षा मधला मारहाणीचा भाग जास्त बोलतो. तो पाहून आपण कुणाच्या बाजूनं बसलोय हे कळतं, आणि ते सुखाचं नसतं. जखम भरण्याची भाषा इथं आम्हाला पटत नाही ती म्हणूनच. मारणं चालू असताना भरायचं काय?

याच मंडळींचं दुसरं एक नाटक आहे, पिन्या हरी काळे याच्या मृत्यूवरचं. हा पारधी माणूस १९९८ सालीच पोलिसांच्या ताब्यात मेला, आपल्या बारामतीत. बारामती ते पुणे अंतर शंभरएक किलोमीटर. नाटक उभं राहिलं ते अहमदाबादेत, हिंदीत. पुण्यामुंबईच्या रंगभूमीचा विषय निघेल तेव्हा आम्हाला हे अंतर आठवतं.

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.