डाग ‘पुसणारा’ लेसर

लेसर चेहऱ्यावरचे डाग खोडरबरासारखा पुसतो, असे जाहिरातींतली चित्रे सुचवतात. चित्रे सुबक, पण त्यांतली त्वचा बहुधा गोरी असते. गफलत तिथेच आहे. लेसर डाग ओळखत नाही, मेलॅनिन प्रकाश शोषते आणि तापते. अँडरसन व पॅरिश यांनी १९८३ साली मांडलेले तत्त्व असे : ही उष्णता आजूबाजूला पसरण्याआधीच प्रकाशाचा स्पंद संपला पाहिजे. म्हणून स्पंद काही नॅनोसेकंदांचाच ठेवतात. पण सावळ्या त्वचेत डागाभोवतीही मेलॅनिन भरपूर! ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश तेही शोषते. १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त बराच कमी. त्वचा भाजली तर नवाच काळा डाग उमटू शकतो. वांग तर उन्हामुळे पुन्हा येतात. जाहिरातीत ऊन कुठेच नसते. शिक्षकांनी असे चित्र वर्गात जरूर दाखवावे आणि विचारावे, डागाशेजारच्या त्वचेचे काय झाले?