रंगमंदिराचा जीर्णोद्धार

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह अग्नीच्या भक्ष्यस्थानी पडले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. रंगमंच व छप्पर जळाले. दगडी भिंती उभ्या राहिल्या.

राजर्षी शाहू महाराजांनी हे ‘पॅलेस थिएटर’ १९१५ मध्ये पुरे करविले. त्याला लागूनच खासबागेचे कुस्तीचे मैदान आहे. मल्लविद्या व नाट्यकला यांना एकमेकींचा शेजार देणारी ही योजना हाच त्या स्थळाचा खरा आशय होय. १९५७ मध्ये ज्यांचे नाव या वास्तूस दिले गेले, त्या केशवरावांनी १९०८ मध्ये हुबळीस ‘ललितकलादर्श’ स्थापिली. सीमाभागालाही ही हानी परकी नाही.

देवालयाच्या जीर्णोद्धारापूर्वी मूर्तीतील कला कलशात आकर्षून घेतात व काम संपल्यावर तिची पुन्हा प्रतिष्ठा करतात. दगड बदलला तरी चैतन्य खंडू नये, हा त्यातील हेतू. या रंगमंदिराची कला कोणती? ध्वनिवर्धक नसलेल्या काळी गायक नटाचा स्वर शेवटच्या रांगेपर्यंत नेणारी त्याची अंतर्रचना! दर्शनी भाग हुबेहूब साधला आणि हा नाद हरवला, तर ती प्रतिकृती ठरेल, जीर्णोद्धार नव्हे. उलटपक्षी, अग्निरोधाची नवी साधने जुनेपणाच्या अभिमानाने नाकारणे हीही भक्ती नव्हे.

देवळांतही आपण चकचकीत फरशीलाच जीर्णोद्धार म्हणू लागलो आहोत. तेव्हा ही कसोटी कोल्हापुरापुरती नाही. ती आपल्या रसिकतेचीही आहे.